बिनबस्त्याचं लग्न

गिरधर पाटलांच्या दारावरून भंगारवाला आता ओरडतसुद्धा नाही. त्याला ठाऊक झालंय, त्या घरातून काही बाहेर पडत नाही. तेलाचा डबा रिकामा झाला की त्याला कडी लागते आणि तो डाळीचा होतो. गंजला की त्यात तुळस लागते, आणि तळच गेला तर पत्रा कापून उंदराच्या बिळावर ठोकला जातो. केळीच्या शेतातल्या ठिबकच्या चिरलेल्या नळ्यांनी विणलेल्या दोन खाटा ओसरीवर आहेत. आला-गेला त्यांच्यावर बसला की गिरधरअप्पा त्याला उठवून दाखवतात, कशावर बसलात ते ओळखा म्हणून. "बाजारमा जावाना आगोदर घरमा देखानं," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. तापीकाठच्या त्या गावात ते ऐकलं नाही असं माणूस नसेल.

खाटा अप्पांनी विणलेल्या नाहीत. दगूबाईनं विणल्यात. डब्याला कडी तीच लावते, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या तीच शिवते, गोधडी विरली की तिच्यातला चांगला भाग काढून दुपटं करते आणि उरलेल्याचं पोतेरं. गावातल्या बायका फाटकं-तुटकं घेऊन तिच्याकडे येतात. दगूबाई वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करते, बोटानं चाचपते आणि सांगते, अजून चालेल. नाही चालणार असं तिच्या तोंडून फार क्वचित निघतं.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती या घरात आलीच तशी.

तिची थोरली बहीण जमुना या घरात दिलेली. ललित दहा महिन्यांचा असताना जमुना दुसऱ्या गरोदरपणात गेली, पोटातलं मूलही गेलं. दगू तेव्हा बारावीला होती. माहेरच्या मातीच्या ओट्यावर दोन्हीकडची माणसं बसली आणि बोलणी इतक्या झटकन झाली, की आत चहाचं आधण उकळायच्या आधी बाहेर सुपारी फुटली. लेकराला मावशीची माया, सासरला माहितीतली पोर, माहेरला पुन्हा खर्च नाही. बस्ता बांधायचा नव्हता. नंदुरबारला जाऊन कापडाच्या दुकानात दोन्हीकडच्या बायकांनी गादीवर मांडी घालून बसायचं, साड्या उलगडायच्या, रुसायचं, भाव करायचे, यातलं काही दगूच्या वाट्याला आलं नाही. जमुनाचा शालू पेटीत होता. तिचे ब्लाउज दगूला सैल व्हायचे, ते आईनं रात्रीतून उसवून आत घेतले. भांडी जमुनाच्या रुखवतातली. हंड्यावर, परातीवर, तांब्यावर, जेवायच्या ताटावरसुद्धा 'सौ. जमुना' असं कोरलेलं. दगू त्या ताटात तेहतीस वर्षं जेवत आली.

गळ्यात मंगळसूत्र तेच, फक्त काळे मणी नवे ओवलेले. आणि त्याच्यासोबत एक चांदीचा टाक, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. दुसरेपणाच्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, सणावाराला त्याला कुंकू लावायचं, आणि नवी साडी घरात आली तर आधी त्या टाकावर घालून मग आपण नेसायची. म्हणजे पहिली नेसते, दुसरी तिची उतरलेली नेसते. बाकीच्या बायकांच्या गळ्यात सवत असते. दगूच्या गळ्यात तिची ताई होती, जिच्या कुशीत ती दहा वर्षांची होईपर्यंत झोपली होती. तिला ती साडी आधी द्यायला वाईट वाटायचं नाही. वाईट याचं वाटायचं, की मग ती साडीही जुनी होऊन जायची.

गिरधरअप्पा मारकुटे नव्हते, दारूला शिवत नव्हते. आजारपणात तिच्या उशाशी बसले होते एकदा, नंदुरबारच्या बाजारातून तिला आवडते म्हणून कच्ची चिंच आणायचे. पण पहिली दोन वर्षं ते तिला झोपेत जमुना म्हणायचे आणि ती ओ द्यायची.

ललितला चालायला, बोलायला तिनंच शिकवलं. तो पहिल्यांदा आई म्हणाला तेव्हा शोभाअक्का, म्हणजे गिरधरअप्पांची थोरली विधवा बहीण, जी याच गल्लीत राहते आणि या घरात तिच्या शब्दाशिवाय कुंडी हलत नाही, तिनं पोराला जवळ घेऊन हसत हसत सुधारलं, "माय एकच ऱ्हास, भाऊ. ही तुन्ही मावशी शे." ललित आज चौतिशीचा आहे, अजून तिला मावशीच म्हणतो. दगूबाईला स्वतःला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. दुसऱ्या वेळी तिनं सुरतेच्या मोठ्या डॉक्टरला दाखवू का म्हणून विचारलं होतं. शोभाअक्का म्हणाली, "लेकरू तर शे ना घरमा." ते बोलणं तिथंच संपलं.

या सगळ्यावरून दगूबाईनं कधी तोंड वाकडं केलं नाही. तिनं ते असं निभावलं, की लोकांना वाटू लागलं, हिला असंच आवडतं.

सीमा सून होऊन आली तेव्हा या घरात पहिल्यांदा खोक्यातून वस्तू निघू लागल्या. धानोऱ्याच्या भूपेंद्र पाटलांची थोरली लेक, बोलायला फटकळ. तिनं मिक्सर आणला, पडदे आणले, प्लास्टिकची डबी चिरली की सरळ फेकायची. गिरधरअप्पा उकिरड्यावरून ती परत आणायचे, ती पुन्हा फेकायची. असा खेळ चालायचा. एका दिवाळीला तिनं दगूबाईला मोरपंखी साडी आणली. दगूबाई नेहमीप्रमाणे ती घेऊन देवघराकडे निघाली, तर सीमानं वाट अडवली.

"सासूबाई, ताईंना मी पुढच्या वर्षी घेईन. ही तुमची."

दगूबाई घाबरली. मग नेसली. दिवसभर तिला गळ्यातला टाक टोचल्यासारखं होत होतं, पण तिनं साडी संध्याकाळपर्यंत सोडली नाही. सासूसुनेचं खरं नातं त्या दिवसापासून लागलं.

दीडेक वर्षापूर्वी पावसाळ्यात सीमाला ताप आला. गावातल्या डॉक्टरकडून नंदुरबारला नेलं, तिथं रक्तातल्या पेशी उतरत गेल्या, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत ती गेली. मागे अडीच वर्षांची पिहू. ललित गोठ्यात जाऊन रडायचा, घरात आला की गप्प. दगूबाईला रडायला वेळच झाला नाही, कारण पिहू दर तासाला दाराकडे बोट दाखवून आईला विचारायची.

उत्तरकार्याचं जेवण आटोपलं, पत्रावळ्या उचलायच्या होत्या, तेव्हा शोभाअक्कानं दगूबाईला बाजूला घेऊन विषय काढला. सीमाची धाकटी बहीण भूमिका. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, नंदुरबारला होस्टेलवर. देखणी, शांत, पिहूला तिचा लळा. नवं स्थळ बघायचं, नवी माणसं, नवे स्वभाव, कशाला हवं? दगूबाईला वाटलं तिच्या कानात कुणीतरी तेहतीस वर्षांपूर्वीचंच बोलतंय. ती म्हणाली, अजून पोरीच्या चितेची राख गार नाही झाली. शोभाअक्का म्हणाली, राख गार व्हायची वाट बघत लेकरू थांबत नाही.

मग ते बोलणं घरभर झालं, गल्लीभर झालं, धानोऱ्यापर्यंत पोचलं. आणि जिथं पोचलं तिथं दगूबाईचं नाव आधी पोचलं. गिरधरअप्पा व्याह्यांना फोनवर सांगत होते, "आमनी दगूले देखा ना. काय कमी पडनं?" भूपेंद्र पाटलांनी आपल्या बायकोला तेच सांगितलं. भूमिकाची आई आधी रडली, मग म्हणाली, दगूबाईंनी तर सोन्यासारखा संसार केला. ज्या कुणाला शंका यायची, त्याच्यापुढे दगूबाई ठेवली जायची, अप्पा पाहुण्यांना खाट दाखवतात तशी. खुद्द दगूबाईला कुणी काही विचारलं नाही. ललितला विचारलं, तो म्हणाला, तुम्ही ठरवाल ते.

दिवाळीच्या सुट्टीत भूमिकाला पिहूजवळ राहायला म्हणून पाठवलं. तिला कशासाठी पाठवलंय ते तिलाही ठाऊक होतं. आल्या दिवसापासून ती पिहूला भरवायची, न्हाऊ घालायची, आणि ललित आत आला की उठून परसात जायची. एका दुपारी दगूबाई परसात बसून सीमाच्या साड्या उन्हात घालत होती, वाळवी लागू नये म्हणून. भूमिका येऊन शेजारी बसली. बराच वेळ तिनं एका साडीचा पदर नुसताच सरळ केला.

मग म्हणाली, "काकू, एक विचारू? खरं सांगाल?"

"इचार ना."

"तुम्ही सुखी झाल्या का?"

दगूबाईच्या हातात साडी होती. तिनं ती झटकली, दोरीवर टाकली, काठ जुळवले. तिला खरं उत्तर माहीत होतं. पण इतकी वर्षं ज्या प्रश्नाला एकच उत्तर तयार ठेवलेलं असतं, तो प्रश्न आला की तेच तोंडात येतं.

"मन लागी जास, बेटा," ती म्हणाली.

भूमिकानं मान हलवली. एवढंच. उठून आत गेली, आणि दगूबाईनं पाहिलं, की पोरीची पाठ थोडी वाकल्यासारखी झाली होती, डोक्यावर कुणी हंडा ठेवल्यावर होते तशी. त्या रात्री भूमिकानं आईला फोन करून हो सांगितलं.

दगूबाईला पुढचे दिवस अन्न गोड लागलं नाही. तिला वाटायचं, आपण फक्त तीन शब्द बोललो, त्यानं काय होतंय. मग वाटायचं, आपल्या वेळी आपलीच आई, आपलीच काकी, कुणीतरी असेच तीन शब्द बोललं होतं.

तुळशीच्या लग्नानंतर बोलणी पक्की करायला भूपेंद्र पाटील, त्यांची बायको आणि धानोऱ्याचे दोघं जण आले. ओसरीवर त्या ठिबकच्या खाटांवर पुरुष बसले. शोभाअक्का उंबऱ्यात, बायका आतल्या बाजूला. भूमिका स्वयंपाकघरात पिहूला मांडीवर घेऊन. सगळं सोपं होतं. तारीख ठरली. मांडव साधा. बस्ता बांधायचा नाही, सीमाच्या साड्या कपाटात नव्यासारख्या आहेत, काहींची तर घडीही मोडलेली नाही. दागिने तेच. भांडी तीच. गिरधरअप्पांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. एकही वस्तू नवी न आणता एवढं मोठं काम होत होतं.

मग शोभाअक्काला आठवण झाली. टाक राहिला की. सीमाचा टाक घडवायला हवा, पोरीच्या गळ्यात घालायला. आणि लगेच तिनंच उत्तर काढलं. "सोनारकडथीन नवी चांदी कसाले? सीमान्या पायमाल्या साखळ्या शेतस ना. त्याच मोडी टाका."

भूमिकाच्या आईनं तोंडाला पदर लावला. ती सीमाची आई होती.

दगूबाई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्याशी आलेली. तिनं ट्रे खाली ठेवला, जमिनीवरच. आणि त्या घरात जिथं ती कधी उभी राहिली नव्हती, पुरुषांच्या समोर, ओसरीच्या मधोमध, तिथं जाऊन उभी राहिली.

"बठ्ठा जन मन्हं नाव ली ऱ्हायनात," ती म्हणाली. "माले एकदा तरी इचारा."

गिरधरअप्पा हसले. त्यांना वाटलं, ही मानपान मागते आहे. म्हणाले, "सांग ना मंग. सांग पोरना बापले, कसा संसार व्हयना तुन्हा."

"मी सुखी नव्हती."

तिनं भूपेंद्र पाटलांकडे बघून सांगितलं, अहिराणीत नाही, शाळेतल्या मराठीत, जणू ते दुसऱ्या कुणाबद्दल सांगायचं होतं. तुमची पोरगी शिकते आहे, तिला शिकू द्या. मी बहिणीच्या ताटात जेवते, बहिणीच्या नावाला ओ देते. मला मरायची भीती वाटत नाही, कारण मेल्यावर माझं असं इथून जाणार काहीच नाही. पिहू माझ्यावर सोपवा. भूमिकाला देऊ नका या घरात.

"तुले काय कमी करं मी?" गिरधरअप्पांचा आवाज चिरका निघाला. ते खाटेवरून उठले होते.

"काहीच कमी नही करं," दगूबाई म्हणाली. "जे दिनं ते ताईनंच व्हतं. तुम्हीबी."

भूपेंद्र पाटलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली. धानोऱ्याच्या एकानं घसा साफ करून म्हटलं, बाया-मनुष्य दुःखात काहीबाही बोलतं, मनावर घेऊ नये. पण भूपेंद्र पाटील उठले. ते दगूबाईकडे न बघता म्हणाले, की आम्ही कळवतो. भूमिकाला हाक मारली. ती पिहूला दगूबाईच्या हातात देऊन बापाच्या मागे गाडीत जाऊन बसली. पिहू हंबरून रडली. भूमिकानं काच वर केली.

शोभाअक्कानं जमिनीवरचा ट्रे उचलला. "आते ही पोर कोन सांभाळी?" तिनं विचारलं.

"मी," दगूबाई म्हणाली. तिनं ते आधीच जाणलं होतं.

धानोऱ्याहून फोन आला नाही. चार दिवसांनी निरोप आला, की पोरगी परीक्षेनंतर बघू म्हणते. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

दगूबाईला वाटलं होतं, अप्पा चिडतील, आरडाओरडा करतील, मग शांत होतील. ते चिडले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी आपली खाट उचलून मळ्यातल्या खोलीत नेली. जाताना दारात थांबून फक्त एवढं विचारलं, "म्हंजे इतलं वरीस तू माले फशाडं?" आणि उत्तराला थांबले नाहीत. ती उंबऱ्यात उभी राहून विचार करत राहिली. फसवलं का? कच्ची चिंच तिला खरंच आवडायची. उशाशी ते बसले होते त्या रात्री तिला बरं वाटलं होतं, हेही खरं होतं. ओसरीवर ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं, पण त्यात चिंच आली नव्हती. आता ती सांगायची कुणाला? त्या एका बोलण्यानं जे वाईट होतं ते बाहेर काढलं आणि जे थोडं चांगलं होतं तेही त्याच्याबरोबर मोडीत गेलं.

उन्हाळ्यात ललितचं लग्न झालं. शहाद्याकडची मुलगी, सुनिता, बस्ता नंदुरबारच्या सगळ्यात मोठ्या दुकानात बांधला. शोभाअक्का वरमाय म्हणून पुढे होती. दगूबाई पिहूला घेऊन मांडवाच्या मागच्या ओळीत बसली, कारण सुनिताच्या माणसांनी अट घातली होती, की पहिलीचं लेकरू डोळ्यासमोर नको. ललितनं नंदुरबारला खोली घेतली. जाताना मावशीच्या पाया पडला, पिहूच्या गालाला हात लावला. दर महिन्याला यायचं ठरलं होतं. पहिल्या महिन्यात आला.

गावातल्या बायका अजून गोधड्या घेऊन येतात. पण आता आल्या की पोरीबाळींना बाहेर उभं करून एकट्या आत येतात. एका घरी लग्न ठरताना कुणी दगूबाईचं नाव काढलं, तर तिथल्या म्हातारीनं म्हटलं म्हणे, नको, त्या बाईचं नाव नको. भूमिकाची आई एका लग्नात भेटली, तर पाठ करून बसली. तिची नात पिहू तिला भेटायची बंद झाली होती आणि हे दगूबाईमुळे झालं, हे तिचं म्हणणं खोटं म्हणता येत नव्हतं.

दगूबाईच्या कमरेचा मणका आता दुखतो. पिहू चार वर्षांची होत आली, जड झाली. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा लेकरामागे पळायचं म्हणजे काय, ते ती कुणाला सांगत नाही. अप्पा दुपारी जेवायला घरी येतात. ताट तिनं वाढायचं, बोलायचं पिहूशी. "आजीले सांग, वरणमा मीठ नही." पिहू सांगते. "आजोबांना सांग, मीठ पुढ्यातच आहे." पिहू तेही सांगते. तिला हा खेळ वाटतो.

परवा ते जेवायला बसले असताना दगूबाईचा मोबाइल वाजला. भूमिका होती. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, सुरतेच्या एका दवाखान्यात नोकरी लागली, सोमवारी रुजू व्हायचं होतं. भूमिकानं पिहूचं विचारलं. शाळेत घातलं का, सर्दी जाते का. मग म्हणाली, "काकू, त्या दुपारी तुम्ही मला खोटं सांगितलं होतं."

"हो."

"मी हो म्हटलं होतं त्याच्यावर."

"माहीत आहे, बेटा."

भूमिका रागावली आहे की रडते आहे, ते दगूबाईला कळलं नाही. मग तिकडून कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

गिरधरअप्पांचा घास हातातच होता. ते पिहूकडे न बघता, सरळ बायकोकडे बघून बोलले. वर्षभरात पहिल्यांदा.

"कोन व्हती?"

"भूमिका. नोकरी लागनी तिले."

अप्पांनी घास ताटात ठेवला. "तिले सांगी दे, ह्या घरमा फोन करानं नही."

दगूबाईनं पिहूचं तोंड पुसलं. "तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "नंबर शे मन्हाकडे."

अप्पा उठले, न जेवता, हात धुतले आणि मळ्याकडे निघून गेले. दगूबाईनं त्यांचं ताट आपल्यापुढे ओढलं आणि उरलेलं जेवायला बसली.